राजा रविवर्मा आणि बाजारातली लक्ष्मी

(बी. ए. द्वितीय वर्ष, सालेकसा)

ज्या मालाचा खप जास्त तोच माल उत्तम, असे दुकानदार मानतो. उलट जो माल बाजारात धडाधड खपतो तो हलकाच असणार, असे जाणकार मानतो. कादंबरी असो, नाटक असो की मुलांची चित्रकथा असो, दोन प्रकाशकांची तुलना करण्याची वेळ आली की हा वाद निघतोच. अमर चित्रकथा श्रेष्ठ की इंद्रजाल कॉमिक्स, हा प्रश्नसुद्धा पुष्कळदा खपाच्याच मापाने सोडवला जातो. पण १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या अमर चित्रकथेतील देव-देवता पाहा. त्यांचे मुकुट, दागिने, उभे राहण्याची ढब, नेसलेल्या साडीची चुणी, हे सारे कुठून आले याचा माग काढीत मागे गेलो की आपण येऊन पोहोचतो ते राजा रविवर्म्यांपाशी. आणि गंमत अशी की, खप आणि दर्जा यांचा हा झगडा त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातच फार तीव्रतेने झालेला आहे. तीच चित्रे, तोच चित्रकार. आधी राजवाड्याच्या भिंतीवर आणि मग बाजाराच्या दोरीवर. म्हणून या लेखात त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न करीत आहे.

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. नावामागे राजा असले तरी ते कुठल्या राज्याचे राजे नव्हते. घराणे मात्र त्रावणकोरच्या राजघराण्याशी सोयरीक असलेले, खानदानी. आई उमांबाबाई कवयित्री, वडील संस्कृत पंडित, मामा राजराज वर्मा चित्रकलेचे जाणकार. लहानपणी हा मुलगा कोळशाने भिंती रंगवून ठेवी आणि मामांनी त्याला रागे भरण्याऐवजी चित्रकलेचे धडे दिले, असे सांगतात. चौदाव्या वर्षी मामांनी त्याला तिरुवनंतपुरमला नेऊन महाराजा आयिल्यम तिरुनाळ यांच्यापुढे उभे केले. महाराजांनी त्याला ठेवून घेतले आणि कलासंग्रह पाहण्याची मुभा दिली.

पण तैलरंग शिकवणार कोण? त्या काळी तैलरंग ही विलायती विद्या. दरबारातले चित्रकार रामस्वामी नायडू यांना ती येत होती, परंतु आपली विद्या दुसऱ्याला देण्याची त्यांची तयारी नव्हती. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचे युरोपियन चित्रकार महाराजांचे व्यक्तिचित्र काढण्यासाठी आले. त्यांनीही शिकवण्याचे नाकारले. काम चालू असताना पाहत बसण्यास तेवढी परवानगी दिली. रविवर्मा पाहत बसले आणि घरी येऊन तसे करून बघत राहिले. कोणत्याही कलाशाळेत न जाता हा माणूस तैलरंगांवर प्रभुत्व मिळवू शकला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. गुरूने विद्या दिली नाही म्हणून एकलव्याने मातीचा पुतळा केला होता. येथे तर गुरू समोर बसलेला, पण तोंड मिटून.

पुढचा काळ यशाचा. १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला राज्यपालांचे सुवर्णपदक मिळाले. व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही त्या चित्राचा गौरव झाला. १८७६ मध्ये पत्र लिहिणाऱ्या शकुंतलेचे चित्र मद्रासच्या गव्हर्नरांनीच विकत घेतले आणि मोनियर विल्यम्स यांच्या शाकुंतलाच्या इंग्रजी भाषांतराच्या आरंभी ते छापले गेले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांनी दहा चित्रे पाठवली व पदके मिळवली. त्याच गावी त्याच साली स्वामी विवेकानंद गाजले, हा योगायोग आपल्या लक्षात राहण्यासारखा आहे.

आपल्या प्रदेशाशी त्यांचा संबंध आला तो बडोद्यामुळे. त्रावणकोरचे माजी दिवाण सर टी. माधवराव, हे तंजावरकडील मराठी घराण्यातले, बडोद्याचे दिवाण झाले होते. त्यांच्या ओळखीने रविवर्मा सयाजीराव गायकवाडांच्या दरबारी आले. १८८८ मध्ये सयाजीरावांनी त्यांना रामायण-महाभारतातील प्रसंगांची चौदा चित्रे काढण्याचे काम दिले. नल-दमयंती, विश्वामित्र-मेनका, हरिश्चंद्र-तारामती, द्रौपदी वस्त्रहरण ही त्यांतलीच. आता प्रश्न आला की पुराणातल्या माणसांना कपडे कोणते घालायचे? रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांनी त्यासाठी उत्तर हिंदुस्थानात प्रवास केला. साऱ्या देशाचा म्हणावा असा एक पोशाख त्यांना कुठे सापडला नाही. शेवटी त्यांनी पुराणातल्या स्त्रियांना साडी नेसवली, आणि पुष्कळ चित्रांत तर ती मराठी बायकांसारखी. मुंबईत असताना दोघे बंधू नाटके पाहत. किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल १८८० साली रंगभूमीवर आले होते आणि संगीत नाटकांचा तो बहराचा काळ होता. रविवर्म्यांच्या चित्रातली पात्रे रंगमंचावर उभी राहिल्यासारखी, प्रेक्षकांकडे अर्धे वळून उभी असतात, त्याचे कारण मला येथे दिसते.

बडोद्याची चित्रे वाड्यात जाण्यापूर्वी लोकांना पाहण्यासाठी मांडली गेली आणि ती बघायला झुंबड उडाली. मोठी चित्रे राजे लोक घेणार, सामान्य माणसाने एकदा रांगेत उभे राहून पाहायची आणि परत जायचे. यावर उपाय माधवरावांनी आधीच, १८८४ च्या सुमारास, पत्राने सुचवला होता. चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढाव्यात, असा तो सल्ला. रविवर्म्यांनी दहा वर्षांनी तो मानला, पण चित्रे परदेशी पाठवण्याऐवजी यंत्रेच येथे आणली. १८९४ साली मुंबईत गिरगावात गोवर्धनदास खटाव मखनजी यांच्या भागीदारीत छापखाना सुरू झाला. जर्मनीहून यंत्रे आली, कारागीर आले. पहिले चित्र निघाले ते शकुंतलेच्या जन्माचे.

ही छपाई म्हणजे आजच्यासारखे बटण दाबून होणारे काम नव्हे. एका गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने आकृती काढायची. मग दगड ओला करायचा. जिथे तेलकटपणा आहे तिथेच रंग धरतो, बाकीच्या ओल्या जागी धरत नाही. एका दगडाने एकच रंग छापता येतो. म्हणजे लक्ष्मीच्या साडीचा लाल रंग एका दगडावर, कमळाचा गुलाबी दुसऱ्या, पाण्याचा निळा तिसऱ्या. एकाच कागदाला असे कितीतरी वेळा यंत्राखालून जावे लागे आणि एक वेळ जरी कागद केसभर सरकला तरी देवीचा ओठ गालावर जाई. शेवटी वरून रोगण देऊन चित्राला तैलचित्राची चकाकी आणीत. मूळ चित्राचे दगड तयार करणारा कारागीर हाही एक चित्रकारच म्हटला पाहिजे, पण त्याचे नाव चित्राखाली कधी आले नाही.

रविवर्मा या धंद्यात उतरले तेव्हा मैदान मोकळे नव्हते. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ सालीच चित्रशाळा छापखाना निघाला होता. त्याच सुमारास कलकत्त्यात अन्नदाप्रसाद बागची आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कलकत्ता आर्ट स्टुडिओ काढला होता. शिवाय जर्मनी-ऑस्ट्रियातून छापून आलेली चित्रे बंदरात उतरत होतीच. चित्रशाळेचे रामपंचायतन महाराष्ट्रात अतिशय लोकप्रिय झाले. त्याशिवाय शिवाजी महाराज, नाना फडणीस, पेशव्यांचा दरबार अशी चित्रे चित्रशाळेने काढली. चित्रकलेच्या कसोटीवर ही चित्रे रविवर्म्यांच्या चित्रांपुढे टिकत नाहीत, असे मी तरी स्पष्ट म्हणेन. त्यांतल्या आकृती सपाट वाटतात, सगळे चेहरे समोर पाहणारे, छाया-प्रकाशाचे अंग कमी. रविवर्म्यांच्या लक्ष्मीच्या अंगावर उजेड पडलेला दिसतो, दंडाला गोलाई आहे, ती खरोखर पाण्यातल्या कमळावर उभी आहे असे वाटते. तरीसुद्धा चित्रशाळेची चित्रे लोकांनी घेतली, आणि भरभरून घेतली.

का घेतली? कारण नाना फडणीसांचे चित्र घेणारा माणूस ब्रशाचे काम बघत नव्हता. पेशवाई बुडून तेव्हा साठ वर्षे झाली होती. घरातल्या भिंतीवर नानांचे चित्र लावणे म्हणजे आपले राज्य होते हे स्वतःला आणि मुलाबाळांना बजावणे. रामपंचायतन घेणारा माणूस हात जोडण्यासाठी ते घेत होता. समोर पाहणारा राम त्याला हवा होता, कारण भक्ताला देवाची नजर हवी असते. रविवर्म्यांची दमयंती हंसाकडे बघते, शकुंतला पायातला काटा काढण्याच्या निमित्ताने मागे वळून दुष्यंताकडे बघते. ही चित्रे पाहायला सुंदर, पण उदबत्ती लावायला गैरसोयीची. ज्या दोन चित्रांमुळे रविवर्म्यांचे नाव गावोगाव गेले ती लक्ष्मी आणि सरस्वती मात्र सरळ आपल्याकडे पाहतात. तेव्हा खपाचा आकडा चित्रशाळा श्रेष्ठ की रविवर्मा श्रेष्ठ हे सांगत नाही. चित्र घेऊन माणूस घरी काय करणार होता, एवढेच तो सांगतो.

याची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याविषयी कलेच्या पुस्तकांतून फारसे बोलले जात नाही. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरात जाता यावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्यांना सत्याग्रह करावा लागला, आणि तरी दार उघडले नाही. त्याच रामाचे रामपंचायतन पन्नास वर्षांपासून छापून बाजारात येत होते. कागदावरच्या रामाला पुजाऱ्याचे सोवळे नव्हते. दाम मोजला की तो घरी येत असे. देवाचे रूप डोळे भरून पाहण्याचा जो अधिकार देवळाने अडवून ठेवला होता, तो छापखान्याने, भले धंद्यासाठी का होईना, मोकळा केला. पुढे १९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या विदर्भातल्या असंख्य घरांतून राम-लक्ष्मीच्या तसबिरी उतरल्या आणि बुद्धाची व बाबासाहेबांची तसबीर लागली. भिंत तीच, खिळा तोच. जुनी चित्रे उतरली ती चित्रकलेत काही उणे होते म्हणून नव्हे. आमच्या तालुक्यातील कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, तेथे पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांची चित्रे आता लोक घरी नेतात. आपल्या देवाची तसबीर आपल्या घरात असावी, ही जी इच्छा, तिच्यावरच तसबिरीचा सारा व्यापार उभा आहे.

आता छापखान्याकडे परत येऊ. इतकी मागणी, इतके नाव, तेव्हा रविवर्म्यांना पैसा अमाप मिळाला असेल असे कोणालाही वाटेल. झाले उलटेच. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. माणसे शहर सोडून पळाली, कामगार मिळेनात. गिरगावातून घाटकोपरला आणि तेथून १८९९ मध्ये लोणावळ्याजवळच्या मळवलीला छापखाना हलवावा लागला. भागीदाराशी जमेना, तो बाजूला झाला. यंत्रांचा खर्च, कर्ज आणि हिशेब यांचे ओझे दोघा भावांवर पडले. राजराज वर्मा रोजनिशी लिहीत असत आणि व्यवहाराची बरीचशी बाजू तेच सांभाळीत. चित्र काढण्याऐवजी सावकारांच्या मागे धावण्यात दिवस जाऊ लागले. शेवटी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी छापखाना आणि चित्रे छापण्याचे हक्क त्यांनी आपल्याच जर्मन कारागिराला, फ्रिट्झ श्लायशर यांना विकून टाकले. घराघरात ज्याच्या लक्ष्मीची पूजा होत होती त्याच्या घरी लक्ष्मी टिकली नाही, असे म्हणण्याचा मोह येथे होतो.

श्लायशर मात्र धंद्यात मुरलेले. त्यांनी दुसऱ्या चित्रकारांचीही चित्रे छापली, जाहिरातीची कामे घेतली. साबण, मुलांचे ग्राइप वॉटर यांच्या कॅलेंडरवर रविवर्म्यांच्या देवी झळकू लागल्या. छापखाना चालला आणि चांगला चालला. ज्यांना खपावरून दर्जा ठरवायचा असेल त्यांनी येथे थोडे थांबावे. नाव तेच, रविवर्मा प्रेस. खुद्द रविवर्मा मालक असताना, प्रत्येक प्रत मूळ चित्राच्या जवळ जावी असा आग्रह असताना, छापखाना बुडत होता. चित्रकार दूर झाला, चित्र साबणाच्या नावाशेजारी आले, आणि धंदा सावरला. दर्जा वाढल्यामुळे तो सावरला असे कोणी म्हणू शकेल काय?

पण म्हणून जाणकारांचे म्हणणे खरे ठरते, असेही नाही. रविवर्मा वारल्यानंतर थोड्याच काळात आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता अशा मोठ्या अभ्यासकांनी त्यांच्यावर कडक टीका केली. ही कला विलायती नक्कल आहे, नाटकी आहे, देवांना सामान्य माणसे करून टाकले आहे, असा तिचा आशय होता. बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या नव्या संप्रदायाने तर वेगळीच वाट धरली. या टीकेत तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. रविवर्म्यांचे अरण्य पाहिले की मलाही हसू येते. दरेकसा-कचारगडचे जंगल आम्ही रोज पाहतो. तेथे सागाचा पालापाचोळा असतो, काटे असतात, अंगाला चिकटणारे किडे असतात. मेनकेच्या मागचे अरण्य म्हणजे नाटकाचा रंगवलेला पडदा. आणि अरण्यात राहणाऱ्या त्या स्त्रियांपैकी एकीच्याही तळव्याला भेग नाही, एकही उन्हाने रापलेली नाही. मात्र एक शंका राहते. हीच चित्रे १८९० मध्ये महाराजांच्या वाड्यात होती तेव्हा राज्यपालांपासून दिवाणांपर्यंत सर्वांना ती थोर वाटत होती. तीच पानवाल्याच्या दुकानात लागल्यावर एकाएकी बाजारू कशी झाली? चित्रातली रेघही हलली नव्हती. बदलली ती किंमत, आणि बदलला तो विकत घेणारा. टीकाकारांना चित्रातला दोष दिसला की गिऱ्हाइकाचा दर्जा खटकला, हे विचारण्याचा अधिकार आपल्यासारख्यांना आहे, कारण ते गिऱ्हाईक म्हणजे आपलेच आजे-पणजे होते.

रविवर्म्यांचा शेवटचा काळ फारसा सुखाचा गेला नाही. पत्नी भगीरथीबाई १८९१ मध्येच वारल्या होत्या. १९०४ साली सरकारने कैसर-ई-हिंद सुवर्णपदक दिले, पण पुढच्याच वर्षी जानेवारीत राजराज वर्मा गेले. हा भाऊ म्हणजे त्यांचा उजवा हात. चित्रातली पार्श्वभूमी, निसर्ग, प्रवासाची व्यवस्था, पत्रव्यवहार, सर्व तेच पाहत. त्यानंतर रविवर्मा खचले. मधुमेहाने शरीर पोखरलेच होते. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूरला, जेथे त्यांनी भिंतीवर कोळशाने पहिली चित्रे काढली होती तेथेच, त्यांचा अंत झाला. वय अवघे ५८.

त्यांच्या मागे छापखाना बराच काळ चालू राहिला. त्याच छापखान्यासाठी काही दिवस काम केलेला त्र्यंबकेश्वरचा एक तरुण पुढे स्वतःचा छापखाना काढून बसला आणि नंतर तोही सोडून चित्रपटाकडे वळला. ते दादासाहेब फाळके. १९१३ च्या त्यांच्या राजा हरिश्चंद्रातली तारामती रविवर्म्यांच्या तारामतीची धाकटी बहीण शोभावी अशी आहे. मळवलीचा कारखाना १९७२ साली आगीत जळाला आणि कितीतरी जुने छाप त्यात नष्ट झाले. १९७९ मध्ये भारत सरकारने रविवर्म्यांची चित्रे राष्ट्रीय कलानिधी ठरवली, त्यामुळे ती आता देशाबाहेर नेता येत नाहीत. मूळ तैलचित्रांना लिलावात कोटींनी बोली लागते. जे छापील कागद एके काळी यात्रेतल्या दोरीवर लटकत होते त्यांतले जुने, चांगल्या स्थितीतले कागदही आता संग्राहक जपून ठेवतात, संग्रहालये काचेत लावतात. डोंगरगडच्या यात्रेत बम्लेश्वरीच्या पायथ्याशी आजही तसबिरींची दुकाने लागतात. तेथे हत्तींच्या मध्ये कमळावर उभी असलेली लाल साडीतली लक्ष्मी मिळते. तिच्याखाली चित्रकाराचे नाव नसते, आणि दुकानदाराला विचारले तर तोही सांगू शकत नाही.